गोवराचे समुद्रातील भावंड
(देवमासे आणि डॉल्फिन यांच्या मेंदूविकाराविषयी)

जबलपूर हे नगर समुद्रापासून फार दूर आहे. ग्वारीघाटावरून जाणारे नर्मदेचे पाणी भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाट काढीत पश्चिमेकडे निघते आणि शेकडो मैलांचा प्रवास करून भडोचजवळ खंबायतच्या आखातास मिळते. अशा गावी राहून देवमासे आणि डॉल्फिन यांच्या आजाराविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ज्या विषाणूमुळे या प्राण्यांचे दिशाभान हरपते आणि ते किनाऱ्याला लागतात, तो विषाणू आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाही. त्याचे एक भावंड शतकानुशतके आपल्या गोठ्यांत ठाण मांडून बसले होते. दुसरे आपल्या मुलाबाळांना गोवराच्या रूपाने भेटत आले आहे. तिसरे गावकुत्र्यांच्या मागोमाग आपल्या अरण्यांच्या सीमेवर येऊन उभे आहे. या कुलाची ओळख करून घेणे, आणि मेलेल्या प्राण्याची कसून तपासणी करणे हे जिवंत प्राण्यांच्या रक्षणाचे पहिले पाऊल का ठरते हे समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

किनाऱ्याला लागणे

देवमासा नावाने मासा असला, तरी तो मासा नव्हे. देवमासे, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज हे सारे सस्तन प्राणी आहेत. त्यांचे रक्त उष्ण असते, ते पिल्लांना दूध पाजतात, आणि डोक्यावरील नासारंध्राने हवा घेण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. पाण्यात त्यांच्या प्रचंड देहाचा भार पाणीच तोलून धरते. वाळूवर आल्यावर हाच भार त्यांच्या फुप्फुसांवर पडतो, आणि चरबीच्या जाड थरामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. त्यामुळे किनाऱ्याला लागलेला मोठा देवमासा सहसा वाचत नाही.

आपल्या किनाऱ्यांवर असे प्रसंग वारंवार घडले आहेत. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे बेचाळीस फूट लांबीचा निळा देवमासा लागला आणि तेथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू रुतले. ग्रामस्थ, वन खाते आणि तज्ज्ञ यांनी अहोरात्र खटपट करून त्याला समुद्रात नेऊन सोडले, तथापि ते पुन्हा किनाऱ्याला आले आणि गतप्राण झाले. तामिळनाडूतील तुतिकोरीनच्या दक्षिणेस मणपाडच्या किनाऱ्यावर जानेवारी १९७३ मध्ये पायलट व्हेल जातीचे १४७ देवमासे एकाच वेळी लागले होते. त्याच परिसरात जानेवारी २०१६ मध्ये त्याच जातीचे ऐंशीच्या आसपास देवमासे आले, आणि त्यांतील बरेचसे मेले.

अशा घटनांची कारणे अनेक असतात. जहाजाची धडक, जाळ्यात गुरफटणे, उथळ व फसवा किनारा, वार्धक्य, पाण्याखालील प्रचंड आवाज, किंवा कळपाच्या म्होरक्याचे चुकणे, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. प्रत्येक वेळी विषाणूच कारणीभूत असतो असे मुळीच नव्हे. पण काही वेळा हा प्राणी वाट चुकतो याचे कारण त्याच्या मेंदूतच असते. दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली, अडथळे आणि भक्ष्य ओळखतात. हे प्रतिध्वनी जुळवून अर्थ लावण्याचे काम मेंदू करीत असतो. त्या मेंदूलाच दाह झाला, तर प्राणी एकाच जागी गिरक्या घेतो, त्याच्या अंगाला कंप सुटतो, तो कळपापासून दुरावतो आणि अखेरीस लाटांबरोबर वाळूवर येतो. बाहेरून पाहणाऱ्यास जखम दिसत नाही. देह धडधाकट दिसतो आणि मृत्यू गूढ वाटतो.

एका विषाणूचे कुल

हा दाह करणाऱ्या कारणांपैकी सर्वांत घातक ठरलेले कारण म्हणजे मॉर्बिलिविषाणू. हे विषाणू इतके सूक्ष्म असतात, की एका मिलिमीटरच्या रुंदीत त्यांचे सुमारे पाच हजार कण ओळीने बसतील. या कुलातील परिचित सभासद पुढीलप्रमाणे आहेत: माणसाचा गोवर, गुराढोरांची बुळकांडी, शेळ्यामेंढ्यांचा पी. पी. आर. हा रोग, कुत्र्यांचा डिस्टेंपर, सीलचा डिस्टेंपर, आणि देवमासे व डॉल्फिन यांचा मॉर्बिलिविषाणू. गोवर आणि बुळकांडी यांचे नाते तर इतके निकटचे आहे, की माणसाने गुरे पाळू लागल्यानंतर गुरांतील विषाणूपासूनच गोवराची उत्पत्ती झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

समुद्रातील भावंडाचा शोध तुलनेने अलीकडचा आहे. १९८८ साली उत्तर समुद्रात सील प्राणी हजारोंच्या संख्येने मरू लागले. त्या साथीत अठरा हजारांच्या आसपास सील बळी पडले. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर मेलेल्या पॉर्पॉइजांची तपासणी झाली. त्यांच्या फुप्फुसांत आणि मेंदूत डिस्टेंपरशी मिळत्याजुळत्या खुणा आढळल्या. जमिनीवर परिचित असलेला हा रोग खाऱ्या पाण्यातही वस्ती करून आहे, हे प्रथमच ध्यानात आले.

शरीरातील वाटचाल

हा विषाणू प्राण्यांत शिरतो तो बहुधा श्वासावाटे. डॉल्फिन कळपाने राहतात, एकमेकांच्या शेजारी पृष्ठभागावर येतात आणि जोराने उच्छ्वास सोडतात. त्या तुषारांतून विषाणू शेजाऱ्याच्या फुप्फुसांत पोहोचतो. वर्गात गोवराचे एक मूल आले की बाकांच्या रांगाच्या रांगा आजारी पडतात, तोच प्रकार येथे घडतो.

शरीरात शिरल्यावर विषाणू प्रथम गाठतो तो रक्षकांनाच. रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी रोगांशी झुंज देतात, त्यांच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट ग्राहीला चिकटून तो त्यांच्या आत प्रवेश करतो. गड राखणाऱ्या शिबंदीलाच फितवावे, तसे हे आहे. लसीका ग्रंथी क्षीण होतात आणि प्राण्याची प्रतिकारशक्ती ढासळते. मग एरव्ही किरकोळ ठरणारी बुरशी, जिवाणू आणि परोपजीवी कृमी त्याच्या देहात माजतात. कित्येकदा मृत्यू या दुय्यम रोगांनीच येतो, आणि मूळ अपराधी दृष्टीआड राहतो.

काही प्राण्यांत विषाणू मेंदूपर्यंत मजल मारतो. अशा मेंदूचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींचे वेढे पडलेले दिसतात, मज्जापेशी नष्ट झालेल्या दिसतात आणि काही पेशींत विषाणूंच्या साठ्यामुळे झालेले गडद ठिपके आढळतात.

याहून विलक्षण असा आणखी एक प्रकार आहे. माणसाला गोवर होऊन गेल्यावर, क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू लपून राहतो आणि सहा ते दहा वर्षांनी मेंदूचा सावकाश नाश करू लागतो. डॉल्फिनांतही असेच घडते. साथ संपून बराच काळ लोटल्यानंतर किनाऱ्याला लागलेल्या काही पट्टेरी डॉल्फिनांच्या शरीरात इतरत्र कोठेही विषाणू सापडला नाही. तो केवळ मेंदूत सापडला. अशा प्राण्याची फुप्फुसे व यकृत तपासून थांबले, तर अहवालात रोगाचा उल्लेखही येणार नाही.

मेणात जपलेला पुरावा

१९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याला बॉटलनोझ जातीचे ७४० हून अधिक डॉल्फिन मृतावस्थेत लागले. त्या वेळी असा रोग डॉल्फिनांत असतो याची कोणालाच कल्पना नव्हती. तपासाअंती दोष देण्यात आला तो समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या विषाला. समुद्राचे पाणी तांबडे करणाऱ्या या वनस्पती खरोखरच विष निर्माण करतात, म्हणून हा निष्कर्ष त्या वेळी पटण्यासारखा होता.

सुदैवाने तपासनीसांनी एक गोष्ट केली होती. मेलेल्या डॉल्फिनांच्या अवयवांचे लहान तुकडे फॉर्मेलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून जपून ठेवले होते. काही वर्षांनी, मॉर्बिलिविषाणूची ओळख पटल्यानंतर, तेच तुकडे नव्या पद्धतींनी पुन्हा तपासण्यात आले. तेव्हा तपासलेल्या प्राण्यांपैकी निम्म्याहून अधिकांत हा विषाणू आढळला. मेणातील तुकड्यांनी आपली साक्ष तोवर राखून ठेवली होती. ते तुकडे नसते, तर या साथीचे खरे कारण कायमचे हुकले असते.

याचा उपयोग पुढे झाला. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर डॉल्फिन पुन्हा मरू लागले, तेव्हा काय शोधावयाचे हे ठाऊक होते, आणि थोड्याच आठवड्यांत निदान झाले. ती साथ २०१५ पर्यंत चालली आणि सोळाशेंहून अधिक डॉल्फिन किनाऱ्याला लागले.

साथ येते, ओसरते आणि परत येते

दोन साथींत पंचवीस वर्षांचे अंतर का पडले, याचे उत्तर गोवराच्या अभ्यासातून मिळते. गोवर झालेल्याला तो पुन्हा सहसा होत नाही. म्हणून हा विषाणू टिकून राहण्यासाठी नवनवीन, अद्याप संसर्ग न झालेली बालके सतत जन्मास यावी लागतात. माणसांच्या बाबतीत त्यासाठी काही लाखांची वस्ती लागते. लहान, एकाकी बेटावर गोवर आला, तर तो सर्वांना गाठून विझून जातो. पुढे एक पिढी त्याच्याविना वाढते, आणि नंतर बाहेरून ठिणगी पडली की पुन्हा भडका उडतो. डॉल्फिनांच्या समूहात हेच घडते. पायलट व्हेलसारखे मोठ्या कळपांनी दूरवर भटकणारे देवमासे ही ठिणगी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत असावेत, असा अनेक शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

भूमध्य समुद्रातील साथ याचे ठळक उदाहरण होय. १९९० च्या उन्हाळ्यात ती स्पेनच्या व्हॅलेन्सिया किनाऱ्यापासून सुरू झाली, १९९१ मध्ये इटलीपर्यंत आणि १९९२ पर्यंत ग्रीस व तुर्कस्तानच्या समुद्रात जाऊन पोहोचली. पट्टेरी डॉल्फिन हजारोंनी मेले. त्यांच्या चरबीची तपासणी केली असता, साथीत मेलेल्यांच्या अंगात पी. सी. बी. नामक कारखानी रसायनांचे प्रमाण जिवंत राहिलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दिसून आले. ही रसायने प्रतिकारशक्ती दुबळी करतात. ती जमिनीवर तयार होतात आणि नद्यांवाटे समुद्रात जातात. नर्मदेच्या काठी राहणारालाही ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ब्राझीलमध्ये २०१७ च्या अखेरीस रिओ दि जानेरोजवळच्या सेपेटिबा आणि इल्हा ग्रांदे या उपसागरांत हीच साथ आली आणि काही महिन्यांतच दोनशेंहून अधिक गियाना डॉल्फिन मेले. किनाऱ्यालगत छोट्या समूहांनी राहणाऱ्या जातीला असा घाला किती जड जातो, हे त्यावरून कळते. आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ज्यांना कोळी ‘गादा’ म्हणतात, ते कुबडधारी डॉल्फिन असेच किनाऱ्याजवळ राहतात. मध्य प्रदेशापुरते बोलावयाचे, तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत चंबळ नदीत गंगा डॉल्फिनांची संख्या अवघी ९५ भरली. एवढ्या लहान समूहावर कोणताही नवा संसर्ग कोसळला, तर भरून काढण्यास मागे फारसे काही उरणार नाही.

अरण्यातील भावंड

समुद्रात जे घडते, त्याचा पडताळा आपल्या अरण्यात पाहावयास मिळाला आहे. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटी अभयारण्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरने सिंहांना ग्रासले. सिंहांना झटके येऊ लागले, त्यांचे अवयव थरथरू लागले, आणि सुमारे एकतृतीयांश सिंह नाहीसे झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात थोड्याच आठवड्यांत तेवीस सिंह मेले. प्रारंभी आपसांतील लढायांना दोष देण्यात आला. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीत काही सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि त्यानंतर उरलेल्या सिंहांना लस टोचण्याचे काम हाती घेता आले.

महाराष्ट्रात सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात गावकुत्री आणि खोकडे यांच्या रक्ताचा अभ्यास झाला आहे. तेथील बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपरविरोधी प्रतिपिंडे आढळली, आणि काही खोकडांतही ती आढळली. म्हणजे विषाणू गावात नांदतो आणि माळरानावरच्या प्राण्यांपर्यंत जातो.

जबलपूरचा या विषयाशी संबंध येथेच येतो. येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. आज ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि विद्यापीठाच्या वन्यजीव न्यायवैद्यक व आरोग्य केंद्रात मध्य प्रदेशातील वन्य प्राण्यांच्या मृत्यूंचा तपास होत असतो. अशा तपासाचे मोल ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसले. बांधवगडात लागोपाठ दहा हत्ती मेले, तेव्हा कोणी तरी विष घातले असावे असा संशय उठला. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेत झालेल्या तपासणीत, हत्तींनी मोठ्या प्रमाणावर खाल्लेल्या कोदोतील बुरशीजन्य विषद्रव्य अवयवांत आढळले. अमेरिकेच्या डॉल्फिनांवर विषाचा आरोप होता आणि तेथे विषाणू निघाला. येथे मनुष्याचा संशय होता आणि बुरशी निघाली. दोन्हीकडे सत्य कळले ते अवयवांच्या तुकड्यांतून.

बुळकांडीचा धडा

इतक्या दूरच्या समुद्रात जाऊन अशा रोगाशी झुंजणे मनुष्याला शक्य आहे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. समुद्रातील डॉल्फिनांवर आज उपचार नाही, आणि मोकळ्या समुद्रात फिरणाऱ्या कळपांना लस टोचणेही व्यवहार्य नाही. हवाई बेटांवरील मंक सील या दुर्मिळ प्राण्यांना मात्र २०१६ पासून डिस्टेंपरची लस देण्यात येऊ लागली, कारण ते किनाऱ्यावर विसावतात.

तरीही या कुलातील एका विषाणूचा मनुष्याने समूळ उच्छेद केला आहे, हे विसरू नये. तो विषाणू बुळकांडीचा होय. बुळकांडी गावात शिरली की दावणी रिकाम्या होत आणि पेरणीला बैल उरत नसत. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच पुढे शेळ्यांच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. १९५४ साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली. परंतु केवळ लशीने काम भागले नाही. अखेरच्या टप्प्यात लस थांबवून, पशुवैद्यक गावोगाव हिंडून एकेका संशयास्पद जनावराची चौकशी करीत, नमुने घेत, आणि रोग खरोखर गेला काय हे ताडून पाहत. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही. २००६ साली भारत या संसर्गापासून मुक्त असल्याचे मान्य झाले, आणि २०११ साली साऱ्या जगातून तिचे निर्मूलन झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग आहे. हा विजय लशीचा, तसाच प्रत्येक मृत्यूची दखल घेणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांचाही होता.

आपल्या किनाऱ्यावर

समुद्रकिनाऱ्यावर नेमके हेच करावयाचे आहे. मृत देवमासा आढळला की दुर्गंधीच्या भयाने तो लवकरात लवकर पुरण्याकडे कल असतो, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या उष्ण हवेत मेंदू फार लवकर विरघळतो. कवटी उघडणे कष्टाचे असते आणि त्यासाठी हत्यारे व सवय लागते. म्हणून जे अवयव हाताशी येतात त्यांवर तपासणी थांबते, आणि ज्या अवयवात उत्तर दडलेले असते तोच न पाहता वाळूखाली जातो.

मेंदूच्या तपासणीतून कधी अनपेक्षित पाहुणाही सापडतो. २०२२ मध्ये फ्लोरिडात मेलेल्या एका डॉल्फिनाच्या मेंदूत पक्ष्यांच्या इन्फ्लूएन्झाचा विषाणू निघाला. त्याच वर्षी स्वीडनमधील एका पॉर्पॉइजातही तो आढळला. ब्रुसेला नावाचा जिवाणूही डॉल्फिनांच्या मेंदूला दाह करतो, आणि या जातीचे जिवाणू माणसालाही बाधू शकतात. म्हणून मृत प्राण्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, मुलांना व कुत्र्यांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. प्राणी जिवंत असेल, तर त्याच्या अंगावर ओले कापड घालावे, नासारंध्र झाकू नये व त्यात पाणी जाऊ देऊ नये, शेपटी धरून ओढू नये, आणि वन खात्यास ताबडतोब कळवावे. आजारी प्राण्याला घाईने पाण्यात ढकलल्यास तो पुन्हा किनाऱ्याला येतो, आणि रोग असल्यास तो कळपात परत जातो.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांचा उपयोग व्हावयाचा तर किनारपट्टीच्या प्रत्येक जिल्ह्यात कवटी उघडणे जाणणारा एखादा पशुवैद्यक, फॉर्मेलिनची बरणी आणि बर्फाची पेटी एवढी तरी सिद्धता हवी. ही साधने महाग नाहीत. देवमाशाचा मृत्यू आपण टाळू शकलो नाही, तरी त्याच्या मेंदूचा अंगठ्याएवढा तुकडा जपून ठेवणे आपल्या हाती आहे. अमेरिकेतील तुकड्यांनी सहा-सात वर्षांनी उत्तर दिले. आपल्या किनाऱ्यावरील तुकडा कदाचित पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञाला उत्तर देईल. पण त्यासाठी तो आज बरणीत पडला पाहिजे.